एका उसाच्या कांड्यात तीन अर्थव्यवस्था

काय पिकवायचं, कसं आणि कुणासाठी? हे तीन प्रश्न कोण सोडवतं, यावरून अर्थव्यवस्था ओळखतात. भांडवलशाहीत बाजार आणि खासगी मालक, समाजवादात मुख्यतः शासन. नववी-दहावीच्या मुलांना या व्याख्या पाठ होतात, पण उमजत नाहीत.

सुरतेजवळच्या कामरेजमध्ये मात्र धडा शिवारातच आहे. खानदेशातून सुरतेत आलेल्या घरांतल्या मुलांना तो सहज दाखवता येईल. उसाची जमीन शेतकऱ्याची, म्हणजे खासगी. उकाई-काकरापारचं पाणी सरकारी योजनेचं. उसाचा किमान दर, म्हणजे एफआरपी, केंद्र सरकार ठरवतं. दक्षिण गुजरातेत ऊस बहुतेक सहकारी कारखान्यात जातो. तिथे भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. महाराष्ट्रात सहकाराची हीच वाट विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला घातली. 1950 साली तिथे पहिला गळीत हंगाम सुरू झाला.

खासगी, सरकारी आणि सहकारी यांची ही सरमिसळ, हीच आपली मिश्र अर्थव्यवस्था. शिक्षकहो, एक तास मुलांना बांधावर न्या. ‘यातलं कुणाचं काय?’ एवढंच विचारा. उत्तरं शोधताना ती जाणते नागरिक होतील.