गवताचं औषध नव्हे, विष
(मेळाव्यात केलेलं भाषण)



पेठ-सुरगाण्याहून आपण द्राक्षबागांत कामाला उतरतो. तिथे पाठीवर पंप येतो, पाय उघडे, तोंडाला फडकं. ज्याला आपण 'गवताचं औषध' म्हणतो, त्या पॅराक्वाटचा एक घोटही माणसाला मारतो. त्याच्यावर उतारा नाही. आधी तोंड-घसा सोलतो, माणूस जरा सावरल्यासारखा वाटतो, मग फुप्फुसं कडक होत जातात नि श्वास कोंडतो. पायाला जखम असेल तर तिथूनही ते अंगात शिरतं.

स्वीडनने १९८३ सालीच त्यावर बंदी घातली. युरोपीय संघात २००७ पासून परवानगी नाही, केरळात २०११ पासून बंदी. आपल्याकडे विक्री चालूच.

कायदा नाही असं नाही. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम तणनाशकालाही लागू आहेत. फवारणाऱ्याला अंगभर कपडे, हातमोजे, बूट द्या, काम शिकवा, डॉक्टरी तपासणी करा, रिकामे डबे फोडून वस्तीपासून लांब पुरा, असं त्यात लिहिलंय. पाड्यावर तर हेच डबे पाण्याला वापरायला येतात!

मालकाला नियम ठाऊक असतो, मजुराला कोणी सांगत नाही. म्हणून आपण ठरवू: साहित्य नाही, तर पंप उचलायचा नाही. अंगावर उडालं तर लगेच साबणानं धुवायचं. पोटात गेलं तर वाट न बघता डब्यासकट दवाखाना गाठायचा.

आणि लढून मिळवलेल्या वनपट्ट्यावर निंदणी हातानंच करू. हे विष हिरवं दिसेल ते जाळतं. त्यात आपला कुर्डू-टाकळाही जातो.

पुढच्या ग्रामसभेत हा ठराव प्रत्येक पाड्याने घ्यावा.

जिंदाबाद!