रस्त्यापलीकडून पाहिलेले आमचे हॉटेल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असा बाईंचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि आजवरचे बोलणे सारे स्वयंपाकघरातले. पण बाई म्हणाल्या, "हॉटेलची दर्शनी बाजू तुम्ही बदललीत आणि गिऱ्हाईक वाढले, ते कसे एवढेच सांगा." तेवढे सांगता येईल म्हणून उभी राहिले आहे. चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

आमचे हॉटेल तुम्हां सर्वांना बाहेरून ठाऊक आहे. बाहेरून म्हणते, कारण २०२२ सालापर्यंत तुमच्यापैकी फारच थोड्या आत आल्या होत्या. मामंजींनी घातलेले ते हॉटेल. पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या आपल्या वाईतूनच पसरणीच्या घाटाला लागतात, त्यामुळे गिऱ्हाइकाची वाण कधी पडली नव्हती. २०२० साली टाळेबंदीत हॉटेल बंद राहिले. पुन्हा उघडले तेव्हा गाड्या पूर्वीसारख्याच जात, पण आमच्या दारात थांबत नसत. दुपारची भाजी संध्याकाळी घरी आणायची आणि आम्हीच खायची, असे कित्येक महिने चालले.

आमच्या चिरंजीवांनी तोड काढली. पुढची भिंत पाडायची, मोठाल्या काचा बसवायच्या, वर तपकिरी चकचकीत पत्रे आणि त्यावर इंग्रजी नाव. खर्च साडेचार लाख. ह्यांनी कर्जाचा विषय काढला आणि मग हळूच माझ्या पाटल्यांचा. पाटल्या द्यायला मी नाही म्हटले नाही. फक्त म्हटले, मला आठ दिवस द्या.

ते आठ दिवस मी समोरच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर सुपात गहू घेऊन बसले. निवडायचे गहू आणि पाहायचे हॉटेल. इतकी वर्षे आत वावरले, पण रस्त्यापलीकडून आपले हॉटेल कसे दिसते ते मी कधी पाहिलेच नव्हते!

काय दिसले म्हणता? पहिल्याने दिसल्या आमच्याच घरच्या दोन स्कूटरी, अगदी दारात. मग कठड्यावर वाळत घातलेली टेबल पुसायची फडकी. मग तेलाचे रिकामे डबे. पाटी एका थंड पेयाच्या कंपनीने फुकट दिलेली होती. त्यात अर्ध्याहून अधिक जागा बाटलीने घेतलेली, उरलेल्या जागेत गणपती, मालकांचे नाव, फोन नंबर, वीस पदार्थ, आणि हॉटेलचे नाव शोधावे तेव्हा सापडावे. आत काळोख. आणि दाराशी पहिल्या टेबलावर ह्यांची मित्रमंडळी रस्त्याकडे तोंड करून बसलेली.

एक गोष्ट मी तीनदा पाहिली. गाडी हळू होई, चालवणारा आमच्याकडे बघे, मग शेजारी बसलेली बाई बघे आणि मान हलवी. गाडी पुढे जाई.

त्या बाईने काय पाहिले असेल ते मी आपल्या मंडळातल्याच दोघी-तिघींना विचारले. एक म्हणाली, "वहिनी, राग मानू नका, पण आत एकही बाई दिसत नाही. कोण येईल?" दुसरी म्हणाली, "किती पडेल ते कळत नाही. एकदा बसल्यावर भाव ऐकून उठायची लाज वाटते." खरे सांगते, मला राग आला होता. पण त्यांनी सांगितले ते साडेचार लाखांच्या आराखड्यात कुठेच नव्हते.

लहानपणी मी दादरला माझ्या मामांकडे जात असे. तेथे मामा काणे यांचे हॉटेल होते, त्याच्या नावातच 'स्वच्छ उपाहारगृह' असे शब्द होते. आत काय मिळेल याच्या आधी आत कसे असेल ते नावच सांगून टाकी. मुंबईची इराणी हॉटेले पाहा, पुष्कळशी नाक्यावरच्या कोपऱ्यात. दोन्ही रस्त्यांवरून आत कोण बसले आहे ते दिसते, म्हणून नवख्या माणसालाही भीड वाटत नाही. हे मी ह्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आपल्याला कोपरा कुठला आणायचा?" कोपरा नव्हता, पण उजेड आणता येत होता.

मग फुकटची कामे आधी केली. स्कूटरी मागच्या बोळात, डबे आणि फडकी परसात. मित्रमंडळींचे टेबल आत सरकवले, यावर घरात दोन दिवस अबोला होता. पाटीसाठी रंगाऱ्याने मला एक हिशेब शिकवला: दहा फुटांवरून वाचायला एक इंच उंचीचे अक्षर. गाडीवाल्याने दीडशे फुटांवरून वाचावे असे वाटत असेल तर अक्षर पंधरा इंचांचे हवे. शिवाय आपल्या अक्षरांना वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, त्यांची जागा निराळी सोडावी लागते. म्हणून बाटली गेली, वीस पदार्थ गेले. पांढऱ्यावर गडद निळ्या रंगात नाव, खाली 'भाकरी, पिठले, भरले वांगे', बस्स. चिरंजीवांचे इंग्रजी नाव पर्यटकांसाठी खाली लहान अक्षरांत ठेवले. २०२२ साली कायदा दुरुस्त होऊन लहान दुकानांनाही मराठी पाटी लागू झाली, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीहून लहान चालत नाही, त्यामुळे तो वाद आपोआप मिटला. दाराशेजारी फळा टांगून त्यावर रोजचे ताट आणि भाव लिहू लागलो.

खरा तंटा झाला तो चुलीवरून. मी म्हटले, दाराशेजारच्या खिडकीला काच लावा आणि तिच्यामागे भाकरीचा तवा मांडा. भाकरी थापणारी मी. रस्त्यावरून बाई दिसेल आणि ताजी भाकरीही दिसेल. सासूबाईंनी ताट बाजूला सारले. "घरची सून रस्त्यावर मांडून ठेवायची काय?" हे गप्प राहिले. मलाही रात्रभर झोप आली नाही. ओळखीचे लोक थांबून बघतील, माहेरी कळेल, असे सारे मनात येई. पण मागच्या अंगाला धुरात वीस वर्षे त्याच भाकऱ्या थापल्या, त्याची लाज कोणाला वाटली नव्हती. सकाळी मी सासूबाईंना म्हटले, "तुम्ही एकदा समोरच्या ओट्यावर बसून बघा, मग नाही म्हणा." त्या खरोखरच गेल्या. परत आल्या त्या एवढेच बोलल्या, "तिथून काचेत रस्त्यावरची एस. टी. दिसते, तू दिसतच नाहीस."

आणि ते बरोबर होते! बाहेर ऊन आणि आत काळोख असला म्हणजे काचेचा आरसा होतो. चिरंजीवांच्या मोठाल्या काचांचेही तेच झाले असते. मग खिडकीवर कापडी छप्पर काढले, आणि तव्याच्या वर पिवळसर दिवा लावला, तीन हजार केल्व्हिनचा. हा आकडा दिव्याच्या खोक्यावर असतो, घेताना पाहून घ्या. साडेसहा हजारांच्या पांढऱ्या दिव्याखाली पिठले आजारी दिसते.

सगळे मिळून बेचाळीस हजार लागले. पाटल्या हातात आहेत, या पाहा. गिऱ्हाईक एकदम धावून आले नाही. पहिले पंधरा दिवस लोक नुसते बघून जात आणि मी मान खाली घालून थापत असे. मग एक गाडी थांबली, तिच्यातून आधी बाई उतरली. आता दुपारी पंचवीस-तीस ताटे जास्त जातात. भाजी घरी येत नाही.

एक काम राहून गेले आहे. दाराला सात-सात इंचांच्या दोन पायऱ्या आहेत. उतरण करायची तर एका इंचाला बारा इंच लांबी लागते, म्हणजे चौदा फूट, ती सरळ रस्त्यात जाईल. भिंतीला लागून वळवता येते का, ते गवंडी पाहून गेला आहे. तोवर एका बाजूला धरायला दांडा बसवला आहे. सासूबाईंच्या मैत्रिणींना तोही पुरत नाही, म्हणून त्यांचे ताट मी घरी पोचवते.