आधी आतला कंस

 

आज आधी माझीच चूक सांगते. आमच्या गटातल्या एका ताईंनी ५००० रुपये कर्ज घेतलं होतं. त्यातले १००० त्यांनी फेडले. व्याज महिन्याला शेकडा २ रुपये, तेही उरलेल्या रकमेवर, असं ठरलेलं. म्हणजे ४००० वर ८० रुपये. मी मात्र पुढचे तीन महिने ५००० वरच १०० रुपये लावले. ६० रुपये जास्त घेतले गेले. ते परत केले, पण ताई म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या, म्हणून मी विचारलंच नाही." ते मनाला लागलं.

वजाबाकी आधी करायची, मग व्याज. मी आधीची पायरीच गाळली होती. ही पायरी डोळ्यांसमोर स्पष्ट ठेवते, अशी मांडणी मला संगणकाच्या एका भाषेत सापडली. तिचं नाव लिस्प. अमेरिकेत जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली तिचं काम सुरू केलं. कारखान्यांचे नकाशे ज्या ऑटोकॅडवर काढतात, त्यात १९८६ पासून तिचाच एक प्रकार आहे, ऑटोलिस्प. आपली जी मुलं-मुली ड्रॉइंग शिकतात, त्यांच्या कामाची ही गोष्ट.

नियम सोपा आहे. कंस उघडा. पहिलं येतं कामाचं नाव. मग ज्यांच्यावर काम करायचं ते आकडे. कंस बंद. वजाबाकी अशी:

(- ५००० १०००)

उत्तर ४०००. आकडे उलटे लिहिले तर उत्तरही उलटं. आता व्याज:

(* (- ५००० १०००) ०.०२)

गुणाकाराच्या पोटात वजाबाकी बसली. संगणक आधी आतला कंस सोडवतो, ४००० बाहेर देतो, मग गुणतो. उत्तर ८०. मी आतला कंसच लिहिला नव्हता.

आता यादी. आपण बैठकीत हजेरी कशी घेतो? पहिलं नाव पुकारतो, तिची बचत जमा करतो, मग उरलेल्या यादीतलं पहिलं नाव. यादी संपेपर्यंत हेच. लिस्पमध्येही तसंच. पहिली वस्तू काढून देणाऱ्या कामाला म्हणतात 'कार', आणि उरलेली यादी देणाऱ्याला 'कडर'. बचतीची यादी १००, २००, ५० असेल, तर कार देतं १००, कडर देतं २०० आणि ५० ची यादी. मूळ यादी तशीच राहते. नवी सभासद सुरुवातीला जोडायची तर 'कॉन्स'.

एक खुबी मात्र लक्षात ठेवा. नुसतं (१०० २०० ५०) लिहिलं, तर संगणक पहिल्या १०० लाच कामाचं नाव समजतो आणि चूक दाखवतो. म्हणून कंसाआधी एक छोटं अवतरण चिन्ह द्यायचं:

'(१०० २०० ५०)

म्हणजे, बाबा रे, ही नुसती यादी आहे, काही करू नकोस.

मैत्रिणींनो, संगणक नसला तरी चालेल. पुढच्या बैठकीत रजिस्टरमध्ये व्याज लिहिताना शेजारी कंस मांडा. कर्ज किती, फेड किती, व्याज कशावर, हे सगळ्यांना दिसू द्या. आणि सही करण्याआधी विचारा, "आतला कंस कुठे आहे?" शिकलेलीलासुद्धा विचारा. मलाही.