बंडी अडवली, ट्रक सोडला

(नागपूर येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी एका कार्यकर्त्याने मला विचारले, "कापसाचा भाव सोडून आज गुंडगिरी आणि गर्दच्या तस्करीवर कशाला बोलता? तो शहराचा प्रश्न आहे, पोलिसांचा प्रश्न आहे." संबंध आहे. आणि तो आपल्या कापसाच्या बंडीपासूनच सुरू होतो.

इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. 1972 साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. आपल्या रानात, आपल्या घामाने पिकवलेला कापूस सरकारलाच घालायचा, प्रतवारी सरकार लावील ती, पैसा हप्त्याहप्त्याने मिळेल तेव्हा. शेजारी पांढुर्ण्याला किंवा आदिलाबादला चार पैसे जास्त मिळत असले तरी कापूस सीमेपार न्यायचा नाही. नेला तर गुन्हा. माझ्या वडिलांची बंडी अशीच एका नाक्यावर रात्रभर अडवून ठेवली होती. बैल जूखाली उभे आणि वडील शिपायासमोर हात जोडून. त्या रात्री मी पहिल्यांदा 'तस्कर' हा शब्द ऐकला. तो माझ्या बापासाठी वापरला होता.

2002 मध्ये खाजगी व्यापाऱ्याला कापूस घेण्याची मुभा मिळाली. म्हणजे तीस वर्षे हे चालले. त्या तीस वर्षांत सरकारचे डोळे कापसाच्या बोंडावर होते. मग खरी तस्करी कोण पाहत होते?

त्याचे उत्तर 1993 साली मिळाले. त्या वर्षी जानेवारीत रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर शस्त्रे उतरली. माल घेऊन निघालेल्या गाड्या रात्री गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या. अडवल्या, हे ध्यानात घ्या. यंत्रणा झोपली नव्हती, जागी होती. सौदा झाला. रोकड पुरेशी नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवल्या गेल्या आणि गाड्या पुढे गेल्या. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरले. 12 मार्चला मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले. 257 माणसे मेली. पुढे टाडा कोर्टाने गुन्हेगारांच्या टोळीबरोबर पोलिसांना आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांनाही दोषी ठरवले. कस्टमच्या एका अतिरिक्त कलेक्टरला जन्मठेप झाली.

म्हणजे कापसाच्या बंडीला जो नाका ओलांडता येत नव्हता, तसाच नाका शस्त्रांच्या ट्रकला ओलांडता आला. फरक मालाचा नव्हता, हप्त्याचा होता. सोन्याचांदीवर वर्षानुवर्षे बंधने घातली, त्यातून तस्करांची वाट पडली, वाटेवरच्या माणसांना पैशाची सवय लागली. चांदीसाठी पडलेल्या त्या वाटेनेच मग बंदुका आल्या.

गैरसमज नको. गर्द आणि एमडी खुले करा असे मी म्हणत नाही. पोराच्या हातात विष देणाऱ्याला तुरुंगच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच, की ज्या सरकारने शंभर कामे अंगावर घेतली, त्याने पहिले काम टाकून दिले. माणसाच्या जिवाची आणि मालाची राखण, हे सरकारचे पहिले काम. त्यासाठीच आपण कर भरतो.

स्फोटांनंतर केंद्र सरकारने गृहसचिव वोरा यांची समिती नेमली. ऑक्टोबर 1993 मध्ये अहवाल आला. गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांचे साटेलोटे असून त्यांचे जणू समांतर सरकार चालते, असा त्याचा सूर होता. हे गावच्या पारावर कुणी बोलले असते तर त्याला वेडा ठरवले असते. इथे खुद्द गृहसचिव लिहीत होते. अहवाल संसदेपुढे आला 1995 च्या ऑगस्टमध्ये, जेमतेम डझनभर पानांचा. नावे बाहेर आली नाहीत. आमच्या सातबाऱ्यावर कर्जाचा बोजा सगळ्या गावाला दिसतो, त्यांची यादी मात्र गुपित राहते.

हे जुने झाले म्हणाल, तर 2023 पाहा. अमली पदार्थांच्या खटल्यातला एक आरोपी पुण्याच्या ससून रुग्णालयात उपचारासाठी म्हणून कित्येक महिने राहिला आणि 2 ऑक्टोबरला तिथून पळाला. त्याच महिन्यात नाशिकजवळ शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला. छापा घालायला मुंबईचे पोलीस यावे लागले. तुरीच्या ओळीत गांजाची चार झाडे लावणारा सापडतो, कारखाना सापडायला दुसऱ्या शहरातून माणसे यावी लागतात.

आणि सरकार जबाबदारी टाकते तेव्हा काय होते, ते याच नागपुराने पाहिले आहे. कस्तुरबा नगरात अक्कू यादव नावाच्या गुंडाने वर्षानुवर्षे वस्तीला, विशेषतः बायकांना छळले. अनेकदा अटक झाली, अनेकदा सुटला. पोलीस तक्रारच घेत नाहीत, उलट त्यालाच सांगतात, असे वस्तीतल्या बायकांचे म्हणणे होते. 13 ऑगस्ट 2004 रोजी त्याला कोर्टात आणले, तेव्हा जमावाने तिथेच त्याला ठार केले. वस्तीतल्या बायकांवर खटला चालला. 2014 मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले. देशभर त्या बायकांचे कौतुक झाले. मी त्या कौतुकात नाही आणि त्यांना दोषही देत नाही. घरची कामे टाकून बाईला सुरी हातात घ्यावी लागली, ही शौर्यकथा नव्हे. ती सरकारच्या दिवाळखोरीची नोटीस होती.

मग आपण काय करायचे? सुरी घ्यायची नाही. पावती मागायची. व्यापाऱ्याकडे कापूस घातला की काटापट्टी घेतो ना? तशी ठाण्यातून एफआयआरची नक्कल घ्यायची. ती फुकट देणे कायद्याने बंधनकारक आहे. गंभीर, दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदवलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितले. जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेप्रमाणे हद्द आमची नाही, ही सबब चालत नाही, आणि तपास कुठवर आला हे फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवावे लागते. ठाण्याने फिर्याद नाकारली तर ती लिहून पोलीस अधीक्षकांकडे पाठवायची, तिथे दाद नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जायचे.

दुसरे, 2006 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस तक्रार प्राधिकरणे नेमायला सांगितली. महाराष्ट्राने 2014 मध्ये राज्य आणि विभाग पातळीवर तशी तरतूद केली. इथल्या किती जणांनी हे नाव ऐकले आहे? हात वर करा. बघा. जे कुणाला ठाऊक नाही, त्याला सरकार कशाला घाबरेल?

म्हणून प्रत्येक तालुक्याने एक वही घालावी. कोणत्या तारखेला कोण ठाण्यात गेले, नोंद झाली की परत पाठवले, अधिकारी कोण होता, नव्वद दिवसांत काय कळवले. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आपण दरवर्षी निवेदन देतो. या वेळी निवेदनाबरोबर त्या वह्या नेऊ. निवेदनाला आश्वासन देता येते. तारीख आणि नाव लिहिलेल्या वहीला उत्तर द्यावे लागते.

माझ्या वडिलांना त्या नाक्यावर हिशेब द्यावा लागला, बंडीत किती मण, कुठून आणले, कुठे चालले. आता हिशेब विचारायची पाळी आपली आहे. नाक्यावरून काय गेले, कुणी सोडले, आणि कितीला?