कॅमेऱ्याची बॅटरी इतक्या लवकर का उतरते?



मे महिन्यात आंब्यांसाठी आणि भाद्रपदात गणपतीसाठी उघडायचं, एरवी कुलूप, अशी घरं कोकणात गावोगाव आहेत. अशा घराच्या पडवीत आता बिनवायरीचा छोटा कॅमेरा दिसू लागला आहे. मुलं ठाण्यात किंवा पुण्यात बसून मोबाइलवर अंगण बघतात. खोक्यावर लिहिलेलं असतं, बॅटरी सहा महिने चालेल. ती तीन आठवड्यांत मान टाकते. कधी बॅटरी शिल्लक असूनही कॅमेरा ‘ऑफलाइन’ दिसतो. या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण पुष्कळदा दुखणं एकच असतं. म्हणून नवी बॅटरी मागवण्याआधी दहा मिनिटं माझं ऐका.

बॅटरीवरचा कॅमेरा दिवसाचा बहुतेक वेळ झोपलेला असतो. जागा असतो तो पीआयआर नावाचा सेन्सर. माणसाच्या किंवा जनावराच्या अंगातून निघणारी उष्णता समोरून सरकली की त्याला कळतं. समजा, मध्यरात्री अंगणातून मांजर गेलं. सेन्सर कॅमेऱ्याला उठवतो. अंधार म्हणून इन्फ्रारेड दिवे लागतात. चित्रण सुरू होतं, ते राउटरकडे जातं, तिथून इंटरनेटवर, आणि तुमचा मोबाइल वाजतो. मग कॅमेरा परत झोपतो. बॅटरी खर्च होते ती या जागेपणात. खोक्यावरचे सहा महिने दिवसाला थोडंसंच चित्रण धरून मोजलेले असतात. कॅमेऱ्याचं तोंड रस्त्याकडे असेल, तर प्रत्येक गाडीचं तापलेलं इंजिन त्याला उठवणार. आणि आपण हौसेनं अर्धा अर्धा तास लाइव्ह बघत बसलो, तर तेवढा वेळ कॅमेरा अखंड राबणार.

तेव्हा पहिला उपाय फुकटचा आहे. कॅमेरा सात ते दहा फुटांवर, जरा खाली झुकवून लावा. फाटक आणि पायवाट दिसली की पुरे, रस्ता वगळा. ॲपमध्ये सेन्सरची संवेदनशीलता एक पायरी उतरवा आणि क्लिपची लांबी कमी करा.

आता कनेक्शनकडे येऊ. राउटर माजघरात आणि कॅमेरा पडवीच्या टोकाला. मध्ये जांभ्याच्या चिऱ्यांची फूटभर जाड भिंत. लांबच्या माणसाला हाक मारताना घसा ताणावा लागतो, ऐकू गेलं नाही तर पुन्हा ओरडावं लागतं. कॅमेऱ्याचं तसंच होतं. सिग्नल क्षीण असला की पाठवलेली माहिती वाटेत गळते, ती पुन्हा पाठवावी लागते. दहा सेकंदांच्या कामाला जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ बॅटरी जळते. पावसाळ्यात यात भर पडते, कारण चिरा पाणी पितो आणि ओली भिंत वायफायच्या लहरी जास्त शोषते. शहरात हेच काम सिमेंटचा स्लॅब, लोखंडी दार, पत्रा आणि पाण्याची टाकी करतात.

बऱ्याच ॲपमध्ये सिग्नलचा आकडा दिसतो, उणे चिन्हासह. उणे 50 ते उणे 60 असेल तर उत्तम. उणे 70च्या पुढे, म्हणजे उणे 75, उणे 80 असा गेला, की दुखणं सापडलं म्हणून समजा. राउटर माजघरातून उचलून खिडकीपाशी ठेवा, जमिनीवर नको, उंचावर. तेवढ्यानं भागलं नाही तर मध्ये एक वायफाय एक्स्टेंडर लावा. यातले बहुतेक कॅमेरे 2.4 गिगाहर्ट्झवरच चालतात. 5 गिगाहर्ट्झचा वेग जास्त, पण भिंत ओलांडताना तो लवकर थकतो. राउटरवर दोन्हींची नावं वेगळी ठेवली, तर कॅमेरा जोडताना गोंधळ होत नाही. राउटर बदललात तर नव्यालाही जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. सहसा कॅमेरे आपोआप जोडले जातात, शिडी लावावी लागत नाही.

वीज गेली की राउटर बंद पडतो. कॅमेरा मात्र बॅटरीवर, त्यामुळे तो राउटरला शोधत राहतो आणि त्यातही बॅटरी खर्च होते. राउटर आणि फायबरचा डबा यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. अडॅप्टरवर 12 व्होल्ट लिहिलंय की 9, ते बघूनच घ्या.

विदर्भातल्या श्रोत्यांसाठी वेगळी सूचना. लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांच्या आतच चार्ज व्हायला हवी. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात कॅमेऱ्याचा डबा त्याहून तापतो, आणि मग कॅमेरा स्वतःच चार्जिंग थांबवतो. लोकांना वाटतं, चार्जिंगसाठी जोडलेलं सोलर पॅनल बिघडलं. कॅमेरा छज्ज्याखाली सावलीत आणि पॅनल तेवढं उन्हात, दक्षिणेकडे तोंड करून लावा. पॅनलवर झाडाच्या फांदीची सावली पडू देऊ नका. एका कोपऱ्यावरची सावलीसुद्धा वीज बरीच घटवते. आणखी एक, भिंत आणि अंगण माणसाच्या अंगाइतकंच तापलं की पीआयआरला माणूस वेगळा दिसत नाही. भर दुपारी कॅमेऱ्यानं कुणाला टिपलं नाही, तर तो बिघाड नव्हे.

एवढं करूनही शंका उरली, तर एक परीक्षा घ्या. बॅटरी पूर्ण चार्ज करा, कॅमेरा राउटरशेजारी भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि आठवडाभर त्याला हात लावू नका. बॅटरी जेमतेम उतरली, तर दोष जागेचा. तिथेही भराभर उतरली, तर बॅटरी थकली आहे किंवा कॅमेऱ्यातच दोष आहे. तेव्हाच दुकानाची पायरी चढा. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र परीक्षाबिरीक्षा नको. ती चार्जिंगला लावू नका, कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.