शंभर वर्षांचा पूर, तीस वर्षांचं कर्ज

मी पाण्याचा तज्ज्ञ नाही, आयटी कन्सल्टंट आहे. पण ह्यूस्टनमध्ये घर घेतल्यावर पाण्याचे काही शब्द शिकावे लागले. त्यातला एक फार उशिरा कळला.

पहिला शब्द 'रनऑफ'. जमिनीत न मुरता वाहून जाणारं पावसाचं पाणी. दुसरा 'इम्पर्व्हियस कव्हर', म्हणजे पाणी मुरू न देणारं आच्छादन: छप्पर, ड्राइव्हवे, पार्किंग लॉट. इथली चिकणमाती मुळातच पाणी सावकाश शोषते. वर काँक्रीट पडलं की रनऑफ वाढतो आणि लवकर बायूत पोचतो.

तिसरा 'डिटेन्शन बेसिन'. एरवी कोरडा, पावसात भरणारा, मग हळूहळू रिकामा होणारा खड्डा. 'रिटेन्शन पाँड'मध्ये मात्र बारा महिने पाणी असतं. तेव्हा तुमच्या सबडिव्हिजनमधला तो रिकामा खड्डा म्हणजे वाया गेलेला प्लॉट नव्हे.

आता तो उशिरा कळलेला शब्द: 'हंड्रेड-इयर फ्लड'. मला वाटलं, शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर. खरा अर्थ, दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांच्या कर्जात ती होते सुमारे २६ टक्के, म्हणजे चारात एक! एमबीएला प्रॉबॅबिलिटी शिकलो, पण घर घेताना हे गणित काही केलं नाही.

आमचं घर नकाशातल्या त्या रेषेच्या बाहेर होतं, म्हणून फ्लड इन्शुरन्स घेतला नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे आलं आणि दिवाणखान्यात गुडघाभर पाणी. नेहमीच्या होम इन्शुरन्समध्ये पूर धरलेला नसतो, हे तेव्हा समजलं. रेषेबाहेर धोका कमी असतो, शून्य नसतो. शिवाय मोजमापही बदलतं. २०१८ मध्ये ह्यूस्टनसाठी शंभर वर्षांचा चोवीस तासांचा पाऊस सुमारे १३ इंचांवरून १८ इंचांवर नेला गेला.

माझ्या आईने मुंबईत २६ जुलै २००५ पाहिला होता. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर! घर घेताना तिने फोनवर एवढंच विचारलं होतं, "अरे, भाग सखल तर नाही ना?" मी हसलो होतो. सगळ्या शब्दांचं सार त्या एका शब्दात होतं.

श्रोतेहो, सरकारी फ्लड पॉलिसी लागू व्हायला साधारण ३० दिवस लागतात. वादळ गल्फमध्ये आल्यावर उपयोग नाही. आज रात्री जेवणं झाली की आपला पत्ता टाकून नकाशा बघा.