नव्या इंजिनाचा निळा धूर

आज मी ट्रॅक्टरच्या धुरावर बोलणार आहे. रेडिओवरच्या ताईंना विषय सांगितला तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, बायका ऐकतील का? मी म्हटलं, इंजिनाच्या कर्जाचा हप्ता बायकाच भरतात, धूर का ऐकणार नाहीत?

आपल्या सावली-मूल-सिंदेवाहीकडे आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोली-चामोर्शीकडे धान म्हणजे वर्षाचा सगळा हिशोब. परहे तयार झाले की थांबत नाहीत. नहराला पाणी आलं, बांध्या भरल्या की चिखलणी त्याच आठ-दहा दिवसांत व्हायला हवी. त्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला तर आपली रोवणी मागे पडतेच, ज्यांना शब्द दिला त्यांचीही पडते.

आमचा ट्रॅक्टर जुना, तीन सिलिंडरचा. घरच्यांना मणक्याचा त्रास सुरू झाला तेव्हापासून चालवतो पुतण्या आणि हिशोब ठेवते मी. मागल्या साली इंजिन फार तेल खायला लागलं, ओढ राहिली नाही. तेंदूपत्त्याचे पैसे आले होते, वरचे बचत गटातून उचलले आणि हाफ इंजिनचं काम केलं. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅसकेट सगळं नवीन. ४० हजारांच्या वर गेले. जून महिना होता.

घरी आणला, सुरू केला, आणि सायलेन्सरमधून निळा धूर. थोडाथोडका नाही, शेजारची वाळवणं उचलायला लागली इतका. मिस्त्रींना फोन केला तर ते म्हणाले, "वहिनी, नवीन इंजिन आहे, थोडा धूर मारतेच." तीन दिवसांनीही तेच. मग माझं डोकं फिरलं. मी दुकानात जाऊन चारचौघांसमोर म्हणाले, रिंगा हलक्या टाकल्या तुम्ही. मिस्त्री एवढंच म्हणाले, "खोलून पाहू. पण खोललं की गॅसकेटचा खर्च पुन्हा आलाच." त्या रात्री झोप लागली नाही. खोललं तर पैसे जातात, न खोललं तर रोवणी जाते.

पुढचं सांगण्याआधी धुराचे रंग सांगते. ते कळले की अर्धं काम होतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, सोळा-अठरा पट दाबतो, आणि नुसत्या दाबानं ती ५०० अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा मारतो आणि ते पेटतं. एक लिटर डिझेल नीट जळायला साधारण १० हजार लिटर हवा लागते. म्हणजे ट्रॅक्टर डिझेल पितो त्यापेक्षा हवाच जास्त पितो.

काळा धूर म्हणजे चुलीत लाकडं कोंबली आणि फुंकणी दिली नाही. डिझेल जास्त, हवा कमी. आधी एअर क्लीनर बघा, तो धुळीनं बंद झालेला असतो. नाहीतर गिअर जड आणि रोटावेटर खोल, म्हणजे ओझं जास्त. नोझल टपकत असला तरी काळा येतो. आणि कोणी "ताकद वाढवून देतो" म्हणून पंपाचं सील तोडून डिझेल वाढवून दिलं असेल तर तो धूर म्हणजे तुमचे पैसेच हवेत चाललेत. तसं करून घेऊ नका.

पांढरा धूर दोन तऱ्हेचा. थंड सकाळी सुरू केल्यावर थोडा वेळ वाफ दिसते, तिला भ्यायचं नाही. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, थंडीत ते नजरेला दिसतं इतकंच. पण धुराला कच्च्या डिझेलचा वास असेल, डोळे झोंबत असतील, तर ते ओलं सरपण आहे, डिझेल न जळता बाहेर येतंय. काम केल्यावर लगेच असा धूर आला तर पंपाचं टायमिंग चुकलं असू शकतं. गिअरवरची खूण एक दाता इकडेतिकडे झाली तरी पुरते. डिझेलच्या लाइनीत हवा राहिली असेल, नाहीतर एखादा नोझल नीट फवारत नसेल. आणि गरम झाल्यावरही पांढरा ढग येतोय, रेडिएटरचं पाणी रोज कमी होतंय, गजावरचं तेल दुधाच्या चहासारखं दिसतंय, तर इंजिन तिथंच बंद करा. पाणी आत शिरतंय. त्या स्थितीत एक बांधीही चिखलायची नाही.

निळा म्हणजे तेल. कढई तापवून विसरलो की तेल जळून जो निळसर धूर सुटतो, तोच हा. इंजिनाचं तेल डिझेलबरोबर जळतंय. प्रश्न एवढाच, की ते आत शिरतं कुठून. रिंगांकडून खालून येतं, व्हॉल्व्हच्या गाईडमधून वरून येतं. तिसरी वाट कोणी बघत नाही. ती हवेच्या रस्त्यानं येते.

ही तिसरी वाट मला गटातल्या एका बाईच्या भावानं सांगितली. तो पूर्वी ट्रकवर क्लीनर होता. म्हणाला, खोलायच्या आधी जे फुकट दिसतं ते बघा. आधी सपाट जागी उभं करून, इंजिन बंद करून थोड्या वेळानं गज काढला. तेल वरच्या खुणेला बरोबर होतं. मग एअर क्लीनरची वाटी काढली. जुन्या ट्रॅक्टरांना तेलाचा एअर क्लीनर असतो, खाली वाटीत तेल आणि त्यावरून हवा जाते, धूळ तेलात बसते. वाटीत तेल किती घालायचं त्याची खूण केलेली असते. आमची वाटी काठोकाठ भरलेली होती. हवेबरोबर इंजिन ते तेल ओढत होतं.

कोणी भरली? पुतण्यानं. नवीन इंजिन म्हणून प्रेमानं, भरपूर. मी त्याला ओरडणार होते, पण चारचौघांत मिस्त्रींना काय काय बोलून आले होते ते आठवलं आणि गप्प बसले.

हे साधं वाटतं, पण यात जिवाचा धोका आहे. असं तेल फार ओढलं गेलं तर इंजिन त्या तेलावरच धावत सुटतं. स्टॉपचा गज ओढला तरी बंद होत नाही, कारण डिझेल बंद केलं तरी त्याला खायला तेल मिळतंय. तसं झालं तर हवेच्या तोंडावर जाड फळी दाबून हवा तोडायची. हात लावायचा नाही. आणि लेकरांना आधी लांब न्यायचं.

वाटी खुणेपर्यंत केली, पाईप पुसून घेतला. धूर निम्म्याहून कमी झाला, पण गेला नाही. मग मी मान खाली घालून मिस्त्रींकडे गेले. त्यांनी एकच विचारलं, "इंजिन आणल्यावर काय काम दिलं त्याला?" काम कुठं दिलं होतं? मामाजी म्हणाले होते, नवीन आहे, ओझं नका टाकू. म्हणून दोन दिवस अंगणात नुसतं सावकाश चालू ठेवलं होतं.

तिथंच चुकलं होतं. टाकी लावलेलं नवं जातं आठवा. दाण्याशिवाय फिरवलं तर दगड दगडावर घासून गुळगुळीत होतो आणि पुढं दळण नीट येत नाही. नव्या लायनरच्या आत अशाच बारीक तिरप्या रेघा असतात. रिंगा त्या रेघांवर घासून बसायला हव्यात, आणि त्या बसतात इंजिनावर ओझं असताना, कारण जळलेल्या वायूचा दाब रिंगेला लायनरवर रेटतो. नुसतं सावकाश चालवलं तर दाब येत नाही, तेलाचा चकाकता थर बसतो आणि तेल वर येत राहतं. म्हणून नवीन इंजिनाला सुरुवातीपासून मध्यम काम द्यायचं. पूर्ण ताकदीचंही नाही आणि रिकामं तर अजिबात नाही. वेग मधूनमधून बदलत ठेवायचा.

मिस्त्री म्हणाले, थर पक्का झाला असेल तर लायनर काढावेच लागतील, पण आधी कामाला लावून बघा. त्यांनी पाते उथळ ठेवून वरकस जमिनीवर नांगरट करायला सांगितलं. मी वहीत पान आखलं. तारीख, किती तास चालला, सकाळी गजावर तेल किती, किती घातलं. पहिल्या चार दिवसांत काही फरक दिसेना. पाचव्या दिवशी तेल घालावं लागलं नाही. सुमारे तीस तास झाले तेव्हा ओझ्याखालचा निळा धूर जवळजवळ गेला होता, आणि त्याच आठवड्यात नहराला पाणी आलं. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ५० तासांनी तेल आणि फिल्टर बदलला, तो रोवणीच्या ऐन गर्दीत. पुतण्या कुरकुरला. मी ऐकलं नाही.

आणखी दोन गोष्टी. कोणता नोझल काम करत नाही हे बघायला मिस्त्री इंजिन चालू ठेवून नोझलच्या पाईपचा नट एकेक करून ढिला करतात. ज्याचा नट ढिला केल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आधीच झोपलेला. हे त्यांनाच करू द्या. त्या पाईपमधली डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. टोचल्यासारखं वाटतं, पण हात गमावायची पाळी येऊ शकते. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखान्यात जायचं. दुसरं, बंद कोठ्यात इंजिन चालू ठेवून धूर तपासायचा नाही. जीव घेणारा वायू दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो. आणि धूर बघायला जवळ जाल तेव्हा पदर खोचलेला आणि वेणी बांधलेली असू द्या. पंख्याचा पट्टा कोणाची वाट बघत नाही.

मिस्त्रींना मी दुकानात, ज्या लोकांसमोर बोलले होते त्यांच्यातल्या दोघांसमोर, चुकलं म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या वहिनी, चहा घ्या." दर थोडा कमी केला नाही, ते वेगळं.

आता सकाळी पहिल्यांदा सुरू केला की निळ्या धुराचा एक झोत येतो आणि मिनिटभरात नाहीसा होतो. दिवसभर मग काही नाही. मिस्त्री म्हणतात, रात्रभर गाईडमधून थेंब थेंब तेल उतरतं, त्याचा तो झोत. तेवढ्यासाठी हंगामात हेड उतरवायचं नाही असं आमचं ठरलंय. धान मळून झालं, गटाचे राहिलेले हप्ते गेले, की बघू. तोवर वहीत रोजचं तेल लिहिणं चालू आहे.